गाणारा मास्तर कसा घडतो

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत संगीत शिकवायचे, तर नुसते चांगले गाता-वाजवता येऊन भागत नाही. त्यासाठी साधारणपणे पदवी आणि त्या-त्या राज्याचा शिक्षक-परवाना असे दोन्ही हातात असावे लागते. ‘म्युझिक एज्युकेशन’ या नावाने ओळखली जाणारी ही चार वर्षांची पदवी सरकारी विद्यापीठांत मिळते, तशी ख्रिस्ती पंथांनी उभारलेल्या अनेक संस्थांतही मिळते. टेक्सासमधले बाप्टिस्टांचे बेलर विद्यापीठ १८४५ सालचे आहे. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावचे लुथरनांचे सेंट ओलाफ कॉलेज १८७४ मध्ये नॉर्वेहून आलेल्या स्थलांतरितांनी सुरू केले. शाळेत शिकवण्याचे रीतसर शिक्षण दोन्हीकडे संगीताच्या जोडीने दिले जाते.

चर्च, शाळा आणि संगीत यांची ही सांगड अमेरिकेपेक्षा कितीतरी जुनी आहे. ज्याला गाता येत नाही त्याने मास्तरकी करू नये, असे मार्टिन लूथरचे स्पष्ट मत होते. लुथरन गावांत ‘कॅन्टर’ हा चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख असे आणि शाळेतला शिक्षकही असे. १७२३ मध्ये योहान सेबास्टियन बाख लाइपझिगला आला तो याच पदावर. मुलांना गाणे शिकवणे हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. लॅटिन शिकवण्याची जबाबदारी मात्र त्याने पदरचे पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवली होती. अमेरिकेत १८३८ साली बॉस्टनच्या सरकारी शाळांत संगीत हा रीतसर विषय झाला, त्यामागेही लोवेल मेसन हा चर्चचा संगीतकार आणि स्तोत्रांना चाली देणारा माणूस होता.

सेंट ओलाफला १९०३ मध्ये एफ. मेलियस क्रिस्टियनसन आले आणि १९१२ मध्ये त्यांनी तिथला गायकवृंद बांधला. वाद्यांच्या साथीशिवाय, निव्वळ आवाजांच्या मेळावर उभी राहणारी त्यांची गायकी पुढे देशभर गाजली. त्यांच्या पठडीत तयार झालेले विद्यार्थी गावोगावच्या शाळांत गायकवृंद उभे करू लागले. ख्रिस्ती महाविद्यालयाचे खरे बळ इथे आहे. कोणताही विषय शिकणारी मुले तिथे गायकवृंदात गातात. होऊ घातलेला शिक्षक वर्षानुवर्षे अशा मुलांच्या खांद्याला खांदा लावून गातो. ज्यांना संगीतात करिअर करायचे नाही, त्यांच्याकडून सुरेल गाऊन कसे घ्यावे, हे त्याला तिथे रोज समोर दिसते. पुढे शाळेत त्याच्या वाट्याला येणार असतात ती बहुतांशी अशीच मुले.

अभ्यासक्रमाची चौकट संगीतशाळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांवर बेतलेली असते. १९२४ मध्ये स्थापन झालेली ही संघटना संस्थांना मान्यता देते. तिच्या निकषांनुसार निम्मा अभ्यास संगीताचा असावा, सुमारे तीस ते पस्तीस टक्के सर्वसाधारण विषयांचा आणि पंधरा ते वीस टक्के अध्यापनशास्त्राचा. प्रवेशासाठी ऑडिशन द्यावी लागते. मग चार वर्षे मुख्य वाद्याचे किंवा गळ्याचे शिक्षण, स्वरलेखन, हार्मनी, संगीताचा इतिहास आणि ऐकलेली धून कागदावर उतरवण्याचा सराव चालतो. गायकालाही पियानो कामापुरता यावाच लागतो.

सर्वांत कसोटी लागते ती वाद्यतंत्राच्या वर्गांत. आठ-दहा वर्षे ट्रम्पेट वाजवलेल्या विद्यार्थ्याच्या हातात व्हायोलिन दिले जाते. हनुवटीखाली ते नीट बसत नाही, गज तारेवरून घसरतो आणि पहिला सूर किरकिरतो. पुढच्या सत्रात क्लॅरिनेट आणि तालवाद्ये येतात. यातल्या एकाही वाद्यात त्याने पारंगत व्हावे अशी अपेक्षा नसते. मुलाच्या क्लॅरिनेटमधून चिरका आवाज आला, तर दोष रीडचा आहे, ओठांचा आहे की एखादे छिद्र बोटाने पुरते झाकले गेलेले नाही, हे त्याला ओळखता आले पाहिजे. आणि दहा वर्षांच्या मुलाला समजेल अशा शब्दांत ते सांगताही आले पाहिजे. चांगला वादक आणि चांगला शिक्षक यांतला फरक या वर्गात जितका उघड दिसतो, तितका मैफलीच्या मंचावर कधीच दिसत नाही.

लहान मुलांना शिकवण्याच्या पद्धती वेगळ्या शिकाव्या लागतात. कार्ल ऑर्फची, झोल्तान कोदायची आणि एमिल जाक-दालक्रोझची अशा तीन पद्धती मुख्य. कोदाय पद्धतीत प्रत्येक स्वरासाठी हाताची एक खूण असते. या खुणांचे मूळ जॉन कर्वेन या इंग्लिश धर्मोपदेशकाकडे जाते. रविवारच्या शाळेतल्या मुलांना गाणे सोपे व्हावे म्हणून त्याने एकोणिसाव्या शतकात ‘टॉनिक सोल-फा’ पद्धत पुढे आणली होती.

धर्माचा अभ्यास सर्वसाधारण विषयांत येतो. बायबल किंवा ख्रिस्ती विचार यांवरचे वर्ग असतात, प्रार्थनेच्या सभा होतात. शिकवणे म्हणजे निव्वळ पोटापाण्याचा धंदा नव्हे, ते देवाने सोपवलेले काम आहे, ही लूथरपासूनची धारणा तिथल्या वातावरणातच असते. परंतु अखेरच्या टप्प्यावर हाच विद्यार्थी बहुधा सरकारी शाळेत प्रत्यक्ष अध्यापनाला जातो आणि तिथे धर्मप्रसाराला राज्यघटनेची मनाई आहे. सरकारी शाळांनी प्रार्थना म्हणवून घेऊ नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिला. मग बाखचे धार्मिक संगीत शाळेत गायचे की नाही? साउथ डकोटातल्या सू फॉल्स इथे बालवर्गाच्या नाताळच्या कार्यक्रमावरून हा वाद न्यायालयात गेला. सांस्कृतिक वारसा म्हणून, तटस्थपणे शिकवली जात असतील तर धार्मिक गीतेही शाळेत चालतील, असे १९८० मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ठरवले. ख्रिस्ती विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला ही रेघ इतरांपेक्षा नीट ठाऊक असायला हवी. जे गीत तो रविवारी श्रद्धेने गातो, तेच सोमवारी वर्गात त्याला कलाकृती म्हणून शिकवायचे असते आणि त्या वर्गात सर्व धर्मांची मुले बसलेली असतात.

चर्चच्या आश्रयाने संगीत शिकवण्याची परंपरा आपल्याकडे गोव्याने पाहिली आहे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळणाऱ्या वडिलांकडे शिकलेले अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचेच शिष्य.

महाराष्ट्रातून वा गोव्यातून कोणी या पदवीसाठी अमेरिकेला जाणार असेल, तर संस्थेचे नाव आणि तिथल्या गायकवृंदाची कीर्ती एवढ्यावर निर्णय घेऊ नये. पदवीबरोबर त्या राज्याच्या शिक्षक-परवान्याची पात्रता मिळते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. परवाना राज्यापुरता असतो, दुसऱ्या राज्यात जाताना नव्याने अर्ज करावा लागतो, आणि परदेशी विद्यार्थ्याला नोकरीसाठी व्हिसाची अट वेगळीच पार करावी लागते.