दूरचं दिसतं, पण उजेड हवा!

दोस्तांनो, हिवाळ्यात कधी भिगवणला गेला आहात? उजनी धरणाच्या फुगवट्यात, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो. काटकुळे लांब पाय, बाकदार चोच आणि उडताना पंखांत दिसणारा तो गुलाबी-लाल रंग! तुम्ही होडीतून मोबाइलवर धडाधड फोटो काढता. घरी येऊन बघता तर काय? पाणी, पाणी आणि पाणी. मधे चारदोन पांढरे ठिपके. मग हट्ट सुरू होतो, "बाबा, झूमवाला कॅमेरा घेऊ या ना!"

हट्ट वाईट नाही, बरं का. पण कॅमेरा म्हणजे काही पेन्सिल नव्हे, नाही आवडली तर दुसरी आणायला. तेव्हा आईबाबांनाही शेजारी बसवा आणि पुढचं वाचा.

आपण बोलतोय प्रवासी झूम कॅमेऱ्याबद्दल. मुठीत मावणारा, बटण दाबलं की कासवाने मान काढावी तसं भिंग बाहेर काढणारा. पॅनासोनिकचा टीझेड १ हा कॅमेरा २००६ साली आला तेव्हा त्याचा झूम १० एक्स होता आणि त्याचंच लोकांना कोण कौतुक! २०२५ साली आलेल्या टीझेड ९९ चा झूम ३० एक्स आहे.

३० एक्स म्हणजे 'तीसपट जवळ', असं दुकानात हमखास सांगतात. तसं नाही हं! जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात या भिंगाचं नाभीय अंतर २४ पासून ७२० मिलिमीटरपर्यंत जातं. ७२० भागिले २४, म्हणून ३०. आपल्या डोळ्यांना दिसतं तसं चित्र साधारण ५० मिलिमीटरला मिळतं, असं धरतात. म्हणजे डोळ्यांच्या तुलनेत वस्तू मोठी दिसते ती चौदापट. तेही थोडकं नाही! सव्वा मीटर उंचीचा रोहित शंभर मीटरवर उभा असेल, तर पूर्ण झूमवर तो फोटोच्या उंचीचा तिसरा हिस्सा व्यापतो. झूमशिवाय तो ऐंशीवा हिस्साही व्यापत नाही. मोबाइलमधले ते ठिपके, आलं ना लक्षात?

याचा एक फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. होडी थव्यात घुसवावी लागत नाही. जवळ गेलं की पक्षी चरणं सोडून उडतात आणि होडीतले लोक टाळ्या पिटतात. नावाडीकाकांना सांगा, "काका, इथेच थांबू या."

आता दुसरी बाजू. त्यासाठी एक प्रयोग करा. दिवसा खोलीतले दिवे मालवा, एकच खिडकी उघडी ठेवा. समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि भूगोलाचे नकाशे बघायचं भिंग त्याच्यापुढे मागेपुढे सरकवा. बाहेरच्या झाडाचं इवलंसं, उलटं, झगझगीत चित्र उमटेल. आता आजोबांचा वाचायचा चष्मा घ्या (आधी विचारून!). त्याचा नंबर अधिक दोन असेल, तर तो कागदापासून अर्धा मीटर लांब धरावा लागेल. चित्र पहिल्यापेक्षा बरंच मोठं येईल, पण अगदी फिकट. काच जवळजवळ तेवढीच, उजेडही तेवढाच, पण तो आता मोठ्या चित्रावर पसरला ना! (सूर्यासमोर मात्र भिंग धरायचं नाही.)

झूम कॅमेऱ्याचं दुखणं नेमकं हेच आहे. टीझेड ९९ चं भिंग २४ ला एफ ३.३ आणि ७२० ला एफ ६.४ असतं. हा आकडा वाढला की सेन्सरवर पडणारा उजेड घटतो. इथे तो जवळजवळ पाव होतो. तो घटू द्यायचा नसेल, तर पुढची काच चार सेंटिमीटर रुंद हवी. मग कसला तो खिशात मावतो! त्यात सेन्सर केवढा? जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान.

उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि मग हात हलला की फोटोही हलतो. ७२० मिलिमीटरला शटर सेकंदाच्या सातशेविसाव्या भागाएवढंच उघडावं, असा जुना नेम आहे. आतली कंपरोधक यंत्रणा हाताचा थरकाप बराच सावरते, पण पक्ष्याने पंख फडफडवले तर ती बिचारी काय करणार? म्हणून सकाळच्या स्वच्छ उन्हात जा. कोपरं बरगड्यांना टेकवा. आधी झूम न करता पक्षी मधोमध आणा, मगच भिंग पुढे न्या. दुपारी तापलेली हवा थरथरते आणि कितीही महाग भिंग घेतलं तरी चित्र लिबलिबीत येतं.

हाच कॅमेरा घेऊन अजिंठ्याला जा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी समोर आहे, अगदी जवळ. फ्लॅशला बंदी, आणि ती योग्यच. आत मंद उजेड. इथे तुमचा ३० एक्स नुसता बसून राहतो आणि फोटोत मुरमुऱ्यांसारखे दाणे येतात. चांगल्या मोबाइलचं मुख्य भिंग साधारण एफ १.८ चं असतं. ते तिप्पट उजेड घेतं, शिवाय मोबाइल पाठोपाठ बरेच फोटो काढून त्यांचा एक करतो. लेण्यांत, घरातल्या वाढदिवसाला, गणपतीच्या आरतीला मोबाइलच सरस ठरतो. पण त्याच मोबाइलवर दोन बोटांनी चित्र तीसपट ताणलंत, तर दोन कोटी ठिपक्यांतले उरतात फक्त बावीस हजार!

मधली वाट आहे. पॅनासोनिकच्याच २०१८ च्या टीझेड २०० मध्ये सेन्सर चौपट मोठा आहे, पण झूम १५ एक्सच. तो महागही आहे. मला विचाराल, तर पक्षी, किल्ले आणि क्रिकेटचं मैदान हेच तुमचं वेड असेल तर ३० एक्स घ्या. नाहीतर पैसे राखून ठेवा आणि त्यातले थोडे दुर्बिणीवर खर्च करा.

जुना कॅमेरा मिळत असेल तर एक तपासणी विसरू नका. पुढेमागे सरकणाऱ्या भिंगात धूळ आणि समुद्रावरची वाळू शिरते, आणि ती घरी काढता येत नाही. दुकानातच झूम पूर्ण बाहेर काढा, करकर आवाज येतो का ते ऐका. मग पांढऱ्या भिंतीचे चार फोटो घ्या. प्रत्येकात त्याच जागी काळा डाग दिसला, तर कॅमेरा मालकाला परत द्या.