बॉल पायथन : रंगांची हौस, सापाला भुर्दंड

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा बिनविषारी अजगर अमेरिका व युरोपात अनेक घरांत पाळला जातो. घाबरला की डोके आत घेऊन तो चेंडूसारखे वेटोळे करतो, म्हणून हे नाव. लांबी साधारण चार-पाच फूट, स्वभाव शांत, आठवड्या-दोन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो. कधी मात्र तो महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाही आणि नवखा मालक हवालदिल होतो.

पैदास फारशी अवघड नाही. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते; पण पाळणारे बहुधा ती काढून उबवणपेटीत ३१-३२ अंश सेल्सिअसला ठेवतात. सुमारे दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. खरा सोस रंगांचा. १९९२ मध्ये अमेरिकेत बंदिवासात अल्बिनो पिल्ले जन्मली आणि नव्या रंगांची चढाओढच लागली.

त्यातून जाळीदार नक्षीचा 'स्पायडर' हा प्रकार आला. त्याच्या अंतर्कर्णाची रचनाच सदोष असल्याचे २०२२ मधील संशोधनात आढळले. अशा सापाचे डोके थरथरते, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. यावर इलाज नाही. नक्षीला मागणी मात्र आहे.

भारतात धामण, दिवड असे बिनविषारी देशी सापही घरी पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विदेशी बॉल पायथनची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. पिल्ले जन्मली, तरी तेथे कळवणे बंधनकारक आहे.