आजीचा आवाज आणि केसाएवढी खाच

माळ्यावरील पेटीत आम्हांस नुकतीच आजीने म्हटलेल्या मंगळागौरीच्या गाण्यांची कॅसेट सापडली. सारे घर मोठ्या उत्कंठेने भोवती जमले. पण आवाज निघाला तो तोंडावर पदर धरून गावे तसा दबलेला. फीत खराब झाली, असा निकाल मंडळींनी तत्काळ दिला. आम्हांस तो मान्य नव्हता.

फितीवर ध्वनी लिहिणाऱ्या भागास हेड म्हणतात. 1928 साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदी फितीवर लोहचूर्ण बसविले खरे, परंतु त्या काळची टोकदार हेडे नाजूक फीत ओरबाडीत. 1933 साली एडुआर्ड श्यूलर यांनी त्यावर तोड काढली: कडीच्या आकाराचे हेड, त्यावर तारेचे वेटोळे आणि कडीत केसाएवढी खाच. तारेतून वीज वाहिली की कडीतील चुंबकत्व खाचेपाशी बाहेर फुगते आणि पुढून सरकणाऱ्या फितीचे कण भारते. कडीचा धातू असा हवा की त्याने सारे क्षणात विसरावे. स्मरण ठेवावयाचे ते फितीने!

फीत खाचेच्या ज्या कडेवरून बाहेर पडते, तेथेच लेखन कायम होते. म्हणून ती कड धारदार व सरळ हवी. कॅसेटची फीत सेकंदास 4.76 सेंटिमीटर सरकते. सेकंदास दहा हजार कंपनांच्या स्वराची एक लाट तीवर 0.0048 मिलिमीटरांत मावते. वाचणारी खाच याहून अरुंद हवी, आणि लिहिणाऱ्या खाचेशी समांतरही. एकेरी ध्वनीची पट्टी सुमारे दीड मिलिमीटर रुंद असते. तेवढ्या रुंदीत हेड अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी कलले, तरी तो उंच स्वर पार नाहीसा होतो. जाड स्वर मात्र टिकतात, आणि ऐकणारा फितीस दोष देतो.

आजीची गाणी भरणाऱ्या यंत्राचे हेडच किंचित कलते असावे, असा आम्ही तर्क केला. तसे असेल तर आमच्या यंत्राचे हेडही तितकेच कलते करावयास हवे. हेडाशेजारील बारीक स्क्रूवर प्रथम खूण केली, आणि कान देऊन तो तसूतसूने फिरविला. अर्ध्या फेऱ्याच्या आतच आवाज मोकळा झाला, आणि गाण्यामागून आजीच्या बांगड्यांची किणकिण स्पष्ट ऐकू आली. धाकट्या काकू उठून आत गेल्या. आम्ही ती गाणी लागलीच संगणकावर उतरवून घेतली आणि स्क्रू पुन्हा खुणेवर आणला. इतर कॅसेटींस तो तेथेच हवा होता.