हिशेबाची वही आणि हिरवी शाळा

पावसाळा सुरू झाला की गावोगावच्या शाळांतून वृक्षारोपणाचे समारंभ होतात. भाषणे होतात, रोपांना पाणी घातले जाते आणि मुले आनंदाने घरी जातात. हा उत्साह स्तुत्यच आहे. परंतु रोप लावणारे हात जितके असतात, तितके हात पुढील वैशाखात त्या रोपाला पाणी घालण्यासाठी उरत नाहीत. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि आवारात शुकशुकाट असतो. शाळेच्या पर्यावरणकार्याची खरी परीक्षा त्या दोन महिन्यांत होते, असे आम्हांस वाटते. म्हणून अशा कार्याची आखणी कशी करावी, याचा थोडा विचार येथे मांडीत आहोत.

निसर्गाचे रक्षण करणे हे नागरिकाचे कर्तव्य होय, असे आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नमूद झाले. पुढे २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा, असा निर्णय दिला. अशा रीतीने हा विषय पाठ्यपुस्तकांत आला. आता तो पुस्तकातून शाळेच्या आवारात उतरावा, ही जबाबदारी शिक्षक, विद्यार्थी आणि पालक या तिघांची आहे.

आम्हां इंदूरकरांना या विषयाचे महत्त्व पाण्यावरून चटकन पटावे. माळव्याची ख्याती एके काळी पावलोपावली पाणी असलेला मुलूख अशी होती. शहर वाढत गेले, तशी होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेल्या यशवंत सागराची मदतही अपुरी पडू लागली आणि १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरास आणावे लागले. हे पाणी सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील जलूद येथून विंध्याचा चढ चढून येते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असून नर्मदेचे पात्र त्याहून साधारण ४०० मीटर खाली आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनी येथे कार्याचे सूत्र लावून पाहावे. १००० लिटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते ४०० मीटर वर चढविण्यास सुमारे ३९ लाख २० हजार जूल इतके कार्य करावे लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे पंपात आणि नळांत होणारी घट सोडून दिली, तरी प्रत्येक हजार लिटरमागे एक युनिटाहून अधिक वीज खर्ची पडते. नळाखाली ओंजळ धरताना हा हिशेब आपण ध्यानात ठेवावा.

हिशेब हाच आमच्या योजनेचा पाया आहे. वर्षाच्या आरंभी प्रत्येक वर्गाने एकेक विषय वाटून घ्यावा आणि दोन आठवडे केवळ पाहणी करावी. एका तुकडीने शाळेतील सर्व नळ मोजावेत. एखाद्या गळक्या नळाखाली लिटरचे भांडे ठेवल्यावर ते तासाभरात भरले, तर दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते. क्षुल्लक किमतीची चकती बदलण्याचा आळस किती महागात पडतो, हे मग कोणास सांगावे लागणार नाही. दुसऱ्या तुकडीने छपराचे क्षेत्रफळ काढावे. छप्पर ५०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर धरला, तर छपरावर साडेचार लाख लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे मानले, तरी ३ लाख ६० हजार लिटर उरते. सहाशे मुलांच्या शाळेत दरडोई रोज पाच लिटर पाणी लागत असेल, तर हा साठा १२० दिवसांचा होतो. एवढे पाणी टाकीत साठविणे कठीण असेल, तर ते गाळून जुन्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. भूगर्भातील पाण्यास तेवढाच आधार मिळतो.

कचऱ्याच्या बाबतीत आमच्या शहराने नाव कमावले आहे. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. ओला व सुका कचरा घरातच वेगळा ठेवण्याची सवय नागरिकांनी अंगी बाणवली, हे त्याचे मुख्य कारण. २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याची क्षमता आहे. तथापि शाळेतील पालापाचोळा आणि डब्यांतील उष्टे तेथवर पाठविण्याचेही कारण नाही. आवाराच्या कोपऱ्यात खड्डा करून एक थर ओल्या कचऱ्याचा आणि त्यावर दुप्पट थर वाळलेल्या पानांचा द्यावा, ओल राखावी आणि आठवड्यातून एकदा उलथापालथ करावी. दोन-तीन महिन्यांत काळे भुसभुशीत खत हाती येते. पाने जाळू नयेत; जाळल्याने धूर तेवढा मिळतो आणि खत जाते.

विजेचा हिशेब त्याहून सोपा आहे. ७५ वॅटचे दहा पंखे मधल्या सुट्टीतील अर्धा तास रिकाम्या वर्गांत फिरत राहिले, तर २०० दिवसांत ७५ युनिटे वाया जातात. यासाठी वर्गप्रमुखाने सुट्टीची घंटा होताच बटणांकडे पाहावे, एवढे पुरे.

आता झाडांकडे वळू. शंभर रोपे लावण्याऐवजी दहाच लावावीत. मात्र ती कडुनिंब, करंज, जांभूळ, आवळा अशी या मातीची असावीत. प्रत्येक रोपाशेजारी न भाजलेले नव्हे, तर भाजलेले परंतु झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. पाणी मडक्यातून हळूहळू पाझरून मुळांना पोहोचते आणि उन्हाने उडून जात नाही. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी पाळी लावून सुट्टीत ही मडकी भरावीत. पहिले दोन-तीन उन्हाळे एवढी काळजी घेतली, की झाड पुढे स्वतःच्या बळावर उभे राहते.

हिवाळ्यात एखादी सहल सिरपूर तलावावर किंवा यशवंत सागरावर न्यावी. ही दोन्ही जलस्थाने २०२२ साली रामसर यादीत आली. यशवंत सागरावर सारस पक्ष्यांचे दर्शन घडते. मुलांनी पक्ष्यांची नावे व संख्या टिपून आणावी. पुढील वर्षीच्या मुलांना ती तुलनेस उपयोगी पडेल.

आणि हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. दहावीची मुले शाळा सोडतात आणि त्यांनी आरंभिलेले काम त्यांच्याबरोबर संपते, असे वारंवार घडते. यास उपाय म्हणून या सर्व नोंदींची एक वही असावी. नळ, खत, युनिटे, झाडे, पक्षी अशी प्रत्येकाची पाने तीत असावीत आणि निरोपसमारंभाच्या दिवशी वरच्या वर्गाने ती खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी विहिरी, घाट व धर्मशाळा बांधल्या, हे आपण इतिहासात वाचतो. त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून अशा धर्मकार्यांच्या खर्चाची तरतूदही करून ठेवली, हे तितकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. बांधणे आणि सांभाळणे ही दोन्ही कामे एकाच पुण्याची आहेत.

पालकांनीही मुलांकडून ती वही एकदा पाहावयास मागवावी आणि घरच्या नळापासून आरंभ करावा. ज्या शाळेत अशी वही वर्षानुवर्षे भरत जाईल, त्या शाळेच्या आवारात सावली आपोआप वाढत जाईल, असा आम्हांस विश्वास आहे.