मातीचा बैल

बेंदूर जवळ आला म्हणजे माणदेशांतील मुलांचे हात मातीनें भरतात. आषाढांतील या सणास आपल्याकडे घरोघर मातीचे बैल पूजितात. कुंभाराकडून ते विकत मिळतात. परंतु ज्यास मूर्तिकाम शिकावयाचें आहे त्यानें आपला बैल आपणच करावा, आणि तोही प्रथम आठवणीनें करावा.

असें कां? एकाच घरांतील दोन मुलांस दावणीचा एकच बैल करावयास सांगून पाहा. गाडी हांकणारा मुलगा पाठ व पुठ्ठे नेटके करील. वैरण घालणारी त्याची बहीण लांबट तोंड बरोबर उतरवील, आणि मागचा भाग कसाबसा उरकील. ज्या बाजूनें रोज पाहिलें तीच बाजू मनांत राहते. चित्रांत एका बाजूवर भागवितां येतें; मूर्ति चोहोंकडून पाहिली जाते, म्हणून आठवणींतील रिकाम्या जागा मातींत लागलीच उघड्या पडतात. त्या दिसल्या कीं मग गोठ्यांत जावें. आतां काय पाहावयाचें हें ठाऊक झालेलें असतें.

हातासही आठवण असते. खांदेमळणीच्या दिवशीं ज्यानें बैलाचा खांदा चोळला आहे, त्यास जुवानें घट्टा पडलेली जागा डोळे मिटूनही सांपडेल.

म्हसवडच्या आसपासचा नामांकित बैल म्हणजे खिल्लार. त्याचीं शिंगें माथ्यावरून जवळजवळ निघून प्रथम मागें जातात, मग वर वळून टोकाशीं निमुळतीं होतात. इतकीं बारीक शिंगें मातींत टिकत नाहींत. आंत काडी घालावी तर माती वाळतांना आकसते, काडी आकसत नाहीं, आणि शिंग तडकतें. यास्तव तीं आंखूड व जाड करावीं, पण त्यांचा कल सोडूं नये. लांबी चुकली तरी बैल खिल्लारच दिसतो. कल चुकला कीं भलताच बैल होतो. माझ्या मतें या कामाचें निम्में मर्म येथेंच आहे.

बाकीची कृति सोपी आहे. खडे काढून माती भिजवावी, मळावी व रात्रभर ओल्या फडक्याखालीं ठेवावी. सांधे काडीनें खरवडून पातळ चिखलानें जोडावे. बैल सावलींत वाळवावा. पाय धडाआधीं वाळतात, म्हणून त्यांस ओलें फडकें गुंडाळावें. कच्ची मूर्ति क्षणभंगुर असते असें मात्र समजूं नये. पुणें जिल्ह्यांतील इनामगांवच्या उत्खननांत न भाजलेल्या मातीचा एक लहानसा बैल व एक मस्तकहीन स्त्रीमूर्ति सांपडली. तीं तीन हजार वर्षांहून जुनीं आहेत.

ओळखीचीं रूपें घडविण्यांत मोठ्या शिल्पकारांसही कमीपणा वाटला नाहीं. पुण्यांतील १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजीमहाराजांचा पुतळा घडविणारे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळील सासवण्याचे. तेथील त्यांच्या घरीं गांवच्या साध्या माणसांचे पुतळे आजही पाहावयास मिळतात.

२०१२–१३ च्या दुष्काळांत म्हसवड येथें जनावरांची छावणी उघडावी लागली होती. अशा वर्षीं कित्येक घरचा बैल बाजारांत जातो, आणि गोठ्यांत जाऊन पुन्हां पाहण्याची सोय उरत नाहीं. तेव्हां मूर्ति घेऊन घरांतील प्रत्येकाकडे जावें. आजोबांस त्याची मान, आईस त्याचे डोळे, धाकट्यास शेपटाचा गोंडा आठवतो. डावें शिंग किंचित् आंत वळलेलें होतें, असें कोणी तरी म्हणतोच. माती ओली आहे तोंवर तें वळवून घ्यावें.