घरीं बनविलेली शर्यतीची मोटार

मोटारींची शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें कोट्यवधि रुपयांचें वाहन, शेपन्नास कारागिरांचा ताफा आणि मोठमोठ्या कारखान्यांचीं निशाणें उभीं राहतात. आज ज्या शर्यतींविषयीं मी बोलणार आहें, त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. त्यांत एक जुनी, बहुधा मोडीच्या वाटेवरची गाडी असते, घरामागची एक पडवी असते, आणि दिवसा नोकरी करून रात्रीं कानस चालविणारा एक गृहस्थ असतो. हा छंद इंग्लंडांत विशेष रुजला, आणि तेथें त्याचा पाया घातला तो ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या गाडीनें.

हर्बर्ट ऑस्टिन यांनीं ही गाडी १९२२ सालीं लोकांपुढें आणली. तिचे आराखडे काढण्याच्या कामीं त्यांना स्टॅन्ले एज नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाचें साह्य झालें होतें. मागच्या बाकावर वहींत चित्रें काढीत बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर रागावण्यापूर्वीं शिक्षकांनीं ही गोष्ट आठवावी. चार सिलिंडरांचें एंजिन, आकारमान ७४७ घन सेंटिमीटर, शक्ति सुमारें १० अश्वांची, आणि सबंध गाडीचें वजन आरंभीं सुमारें ३६० किलोग्रॅम. नांवांतील ‘सेव्हन’ हा आंकडा खऱ्या शक्तीचा नव्हे, सरकारी कराच्या हिशेबाचा. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ २,९०,००० गाड्या निघाल्या. अर्थात् दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां गांवोगांवच्या मोडीच्या अड्ड्यांवर त्यांचे सांगाडे स्वस्तांत मिळत होते.

या गाडीच्या भक्तांनीं १९३९ सालींच ‘७५० मोटर क्लब’ स्थापिला होता. युद्धानंतर त्यांना मैदानेंही आयतीं मिळालीं. विमानदळानें बांधलेले धावमार्ग ओस पडले होते. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड या दोन विख्यात शर्यत-मार्गांचा जन्म असाच विमानतळांवर १९४८ सालीं झाला. पुढें क्लबानें शर्यतीचे नियम ठरविले. त्यांचा गाभा एवढाच कीं, एंजिन व सांगाडा ऑस्टिन सेव्हनचा असावा. बाकी बुद्धि ज्याची त्यानें चालवावी. या क्लबाचे एक अध्वर्यु हॉलंड बर्केट हे पेशानें गुरांचे डॉक्टर होते, हेंही सांगण्यासारखें आहे. सहा तासांच्या ज्या सांघिक शर्यतीला पुढें त्यांचें नांव मिळालें, ती १९५१ पासून चालत आलेली आहे.

या मंडळींत कॉलिन चॅपमन नांवाचा एक तरुण होता. जन्म १९२८ चा; लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत तो बांधकामाची एंजिनिअरिंग विद्या शिकत होता, आणि जोडीला जुन्या मोटारींची लहानशी उलाढाल करी. १९४७ सालीं सरकारनें खासगी गाड्यांचें मूळ पेट्रोल-रेशन बंद केलें, जुन्या मोटारींचे भाव कोसळले, आणि एक म्हातारी ऑस्टिन त्याच्या गळ्यांत पडली. ती खपेना, म्हणून त्यानें तिची शर्यती गाडी करावयाचें ठरविलें. जागा कोणती, तर जिच्याशीं त्याचा पुढें विवाह झाला, त्या मुलीच्या आईबापांच्या घरामागची गॅरेज.

आतां येथें विचार करण्यासारखा प्रश्न आहे. दहा अश्वशक्तीची गाडी वेगवान् करावयाची, तर सामान्य माणूस प्रथम काय करील? एंजिनाची शक्ति वाढवील. चॅपमननें आधीं पुलाच्या बांधणीचा विचार केला. ऑस्टिनचा सांगाडा इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा, पातळ आणि लवचिक. खड्डा आला कीं तो पिळवटे. चॅपमननें ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटविलेल्या प्लायवुडची काया केली, आंत आडव्या भिंती घातल्या, आणि ती काया सांगाड्याला अशी जखडली कीं तिनेंच त्याला ताठपणा द्यावा. आंगावरचें कापड आणि आंतील हाडें हीं एकच झालीं म्हणा ना! वजन फारसें न वाढतां बळकटी आली.

वजनाचें महत्त्व कळण्यास साधें त्रैराशिक पुरे. समजा, एका गाडीचें वजन ५०० किलोग्रॅम आहे व शक्ति २५ अश्वांची आहे. म्हणजे प्रत्येक अश्वाच्या वांट्याला २० किलोग्रॅम आले. त्याच गाडींतून १०० किलोग्रॅम काढले, तर वांटा १६ वर येतो. वजन तसेंच ठेवून हाच वांटा आणावयाचा, तर सव्वाएकतीस अश्वशक्ति लागेल; आणि जुन्या एंजिनांतून वरची ही सव्वासहा अश्वशक्ति पिळून काढणें सोपें नाहीं. ऑस्टिनचा क्रँकशाफ्ट बरींच वर्षें केवळ दोन टोकांच्या दोन आधारांवर फिरे. वेग वाढला कीं तो दोरीच्या उड्यांतील दोरीसारखा मधोमध वांके. शिवाय वाढविलेली शक्ति गाडीला पुढें रेटण्यापुरतीच कामास येते. कमी केलेलें वजन मात्र चढणीवर उपयोगी, ब्रेक दाबतांना उपयोगी, वळणावरही उपयोगी.

वळणाच्या बाबतींत एखादा चाणाक्ष विद्यार्थी हरकत घेईल. पुस्तकांतील सूत्राप्रमाणें गाडीला वळणावर धरून ठेवणारें घर्षण वजनाच्या प्रमाणांत असतें, आणि तिला बाहेर नेऊं पाहणारी ओढही वजनाच्याच प्रमाणांत असते; तेव्हां समीकरणाच्या दोन्ही बाजूंनीं वजनाचा लोप होतो. मग जड गाडी आणि हलकी गाडी सारख्याच वेगानें वळली पाहिजेत! हरकत बरोबर आहे. पण रबरानें तें पुस्तक वाचलेलें नाहीं. टायरवरील भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाहीं, थोडी कमीच भरते. म्हणून हलकी गाडी वळणावर सरस ठरते.

१९५१ सालीं चॅपमननें आपली तिसरी गाडी बनविली आणि तिनें शर्यतींत बाकीच्यांना मागें टाकलें. यांतील युक्ति समजून घेण्याजोगी आहे. ऑस्टिनच्या एंजिनांत सिलिंडर चार, पण पेट्रोल-हवेचें मिश्रण आंत जाण्यास दारें दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एक. दोघांचें आंत ओढण्याचें काम पाठोपाठ येई, आणि एकाच्या तोंडचा घांस दुसरा पळवी. एकाच ताटांत जेवणारीं दोन भावंडें आठवा. चॅपमननें त्या सामाईक दाराच्या मधोमध पातळ पडदा घातला आणि वरची नळीही त्याप्रमाणें विभागली; जणुं चारांना चार दारें झालीं. हें करूं नये असें नियमांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें. तें पुढें लिहिलें गेलें. त्या युक्तीला बंदी झाली.

ही लबाडी म्हणावी काय? माझ्या मतें नाहीं. चोरून मोठें एंजिन बसविणें ही लबाडी. नियम नीट वाचून त्यांतील मोकळी जागा शोधणें हा अभ्यास. मात्र क्लबानें नियम बदलला, हेंही तितकेंच योग्य झालें. पैसा नसलेल्या छांदिष्टांना बरोबरीनें खेळतां यावें म्हणूनच तर ते नियम होते. एकाच गाडीमागें बाकीच्यांनीं धूळ खात फिरावें, यांत खेळ तो काय उरला!

गाडी बनली तरी ती चालविणें ही निराळीच विद्या आहे. नवशिका समजतो कीं शर्यत पेट्रोलच्या पायानें जिंकतात. वस्तुतः ती ब्रेकच्या पायानें आणि डोळ्यानें जिंकतात. ३० मीटर त्रिज्येचें वळण घ्या. रबराचें घर्षण ०.८ धरलें, तर तेथें ताशीं सुमारें ५५ किलोमीटरपेक्षां अधिक वेग टिकत नाहीं. पण मार्गाची सगळी रुंदी वापरून, बाहेरच्या कडेनें शिरून, मध्यावर आंतल्या कडेस स्पर्श करून पुनः बाहेरच्या कडेला निघालें, तर तेंच वळण ४५ मीटर त्रिज्येचें करून घेतां येतें, आणि वेग ६८ पर्यंत जातो. एक पैचा खर्च नाहीं! ब्रेक मात्र सरळ रेषेंत असतांनाच दाबावयाचा. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. थांबण्यावर सगळी खर्च केली तर वळण्याला शिल्लक राहत नाहीं, आणि गाडी नाक समोर धरून गवतांत जाते.

आतां या छंदाची काळी बाजू. काय काढावें याबरोबर काय काढूं नये, हेंही कळावें लागतें. मागची बैठक, गालिचे, दारांच्या आंतील अस्तर हीं खुशाल काढावीं. ब्रेक, सुकाणूचे सांधे, धुरे आणि बैठकीचे खिळे यांच्या वजनावर डोळा ठेवूं नये. चॅपमनच्या लहानशा उद्योगाचा पुढें लोटस नांवाचा जगविख्यात कारखाना झाला. त्याच्या गाड्या वेगासाठीं जशा गाजल्या, तशा नाजुकपणासाठींही बोलल्या गेल्या. १९७० च्या सप्टेंबरांत इटलींतील मोंझा येथें सरावाच्या वेळीं योखेन रिंट यांच्या लोटस गाडीच्या पुढील ब्रेकचा दांडा मोडला, गाडी कठड्यावर आदळली आणि त्यांचा अंत झाला. मांड्यांमधून जाणारा पट्टा त्यांनीं बांधलेला नव्हता, त्यामुळें धडकेसरशीं शरीर खालीं घसरलें. त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळालें. आज छंदी शर्यतींतही पोलादी नळ्यांचा पिंजरा, अनेक पदरी पट्टे, शिरस्त्राण, अग्निशामक आणि बाहेरून एंजिन बंद करण्याची कळ यांची तपासणी होते. या साहित्यानें गाडीचें वजन वाढतें. वाढूं द्यावें.

आपल्याकडेही हा छंद पोरका नाहीं. मद्रास मोटर स्पोर्टस् क्लब १९५३ सालीं निघाला आणि शोलावरम् येथील युद्धकालीन धावपट्टीवर कित्येक वर्षें शर्यती झाल्या. १९९० पासून इरुंगाट्टुकोट्टै येथील खास मार्ग त्यासाठीं आहे. कोइमतूरचे एस्. करिवर्धन यांनीं मारुति ८०० गाडीच्या ७९६ घन सेंटिमीटरच्या एंजिनावर स्वस्त एकासनी शर्यती गाडी रचली. ऑस्टिनच्या ७४७ शी हा आंकडा किती जवळचा आहे पाहा! या ‘फॉर्म्युला मारुति’ वर्गांत हात बसविलेला नारायण कार्तिकेयन २००५ सालीं फॉर्म्युला वनपर्यंत पोहोंचला.

ज्या घरांतील चिरंजीवांना गाडीचा आवाज वाढवून गल्लींतून फिरण्याची हौस आहे, त्या घरच्या वडील मंडळींनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम रस्त्यावरील गाडींत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. आणि बंद मार्गावर सगळ्यांची तोंडें एकाच दिशेला असतात, समोरून दूधवाला येत नाहीं. तेव्हां मुलाला नुसतें रागावण्यापेक्षां एखाद्या मान्यताप्राप्त क्लबाच्या सरावाच्या दिवशीं स्वतः बरोबर घेऊन जावें, आणि त्याची गाडी तपासणाराच्या हातीं द्यावी. पहिल्याच तपासणींत तिच्यांतील किती गोष्टी नापास होतात, तें त्याला तेथेंच लेखी मिळेल.