नऊ वर्षांचा सीझर

रोमन सम्राट मॅक्रायनसने इ. स. 217 मध्ये आपला मुलगा डायडुमेनियन याला ‘सीझर’, म्हणजे वारस, जाहीर केलं. पुढच्याच वर्षी अँटिऑकजवळ बापाचा पराभव झाला. मुलाला पार्थियात सुखरूप पोहोचवण्याचा बेत युफ्रेटिस नदीवरच्या झ्यूग्मा इथे फसला आणि नऊ वर्षांच्या त्या पोराला मारून टाकण्यात आलं. शिलालेखांतूनही त्याचं नाव खोडलं गेलं. नाणी मात्र लोकांच्या हाती पोहोचली होती.

त्याच्या चांदीच्या दिनारियसवर कोवळा चेहरा आणि उघडं मस्तक दिसतं. पानांचा मुकुट सम्राटाचा मान. मागे सैन्याच्या ध्वजांपाशी उभा तोच, सोबत ‘तरुणांचा अग्रणी’ ही लॅटिन पदवी. कारकीर्द जेमतेम चौदा महिन्यांची, म्हणून हे दिनारियस महाग पडतात. त्यापेक्षा मार्कियानोपोलिसची (आजच्या बल्गेरियातली) कांस्य नाणी पाहावीत. त्यांवर बापलेक समोरासमोर आहेत, आणि मला तीच अधिक बोलकी वाटतात.

असाच आणखी एक अल्पायुषी सीझर, सम्राट गॅलिएनसचा मुलगा दुसरा व्हॅलेरियन, 258 मध्ये वारला. हयातीतल्या एका नाण्यावर शेळीवर बसलेला बाल ज्युपिटर आहे, तर मरणोत्तर नाण्यावर गरुड त्या मुलाला स्वर्गात नेतो. ही जोडी संग्रहात शेजारी शेजारीच हवी. धाकटा सलोनिनस 260 मध्ये कोलोन इथे मारला गेला. या दोघा भावांची हलक्या चांदीची नाणी बरीच मिळतात. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.